वाक्य जुळेपर्यंत

त्या कागदावर नुसते आकडे होते. डावीकडे वेळ, मधे माझा प्रश्न दोन-तीन शब्दांत, आणि उजवीकडे उत्तरासाठी मी किती थांबले ते सेकंद. ०.८, १.१, ०.६, १.४, परत ०.८. माझा एक डच सहकारी माझ्या वर्गात मागे कोपऱ्यात बसला होता, फोनवरचं स्टॉपवॉच लावून, कारण इथे नेदरलँड्समध्ये विद्यापीठात शिकवायचं तर बीकेओ नावाचं शिकवण्याचं प्रमाणपत्र लागतं आणि आमच्याकडे त्यानंतरही अधूनमधून कुणीतरी येऊन तुमचा तास बघून जातं. तास संपला, आम्ही कॉफीच्या मशीनपाशी उभे राहिलो, त्याने तो चौकटीचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तू बावीस प्रश्न विचारलेस, त्यातल्या तेरांची उत्तरं तूच दिलीस. बस, एवढंच. आधी कौतुक, मग टीका, मग परत कौतुक असलं काही इथे नसतं, आणि चौदा वर्षं काढल्यावर मला त्याचं वाईटही वाटत नाही, उलट बरं वाटतं की माणूस मनातलं सरळ बोलतो. पण त्या दिवशी घरी जाताना सायकलवर समोरून वारा, नाकातून पाणी, आणि डोक्यात तेच आकडे. शून्य पूर्णांक आठ सेकंद. एवढ्या वेळात मी स्वतःसुद्धा धड श्वास घेऊ शकत नाही.

त्याच आठवड्यात मी एक वाक्य लिहून दिलं होतं.

झालं असं होतं की आमच्या बिझनेस स्कूलचा पुढच्या पाच वर्षांचा आराखडा चालू होता आणि वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना एकत्र शिकवायचं कसं, या भागासाठी सहा जणांची समिती होती, त्यात मी. अशा कामासाठी इथे 'हेडाग' असतो, म्हणजे शब्दशः माळरानावरचा दिवस, ऑफिस सोडून गावाबाहेर कुठेतरी जायचं आणि दिवसभर एकत्र बसून विचार करायचा. आम्ही खरंच माळाशेजारच्या एका हॉटेलात गेलो होतो, बाहेर हीदरची झुडपं जांभळी झालेली, आत भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या. बलस्थानं, कच्चे दुवे, संधी, धोके. दुपारी ब्रेड-चीज आणि ताक, हो, इथे जेवताना ताक पितात, कार्नेमेल्क म्हणतात, मीठ-जिरं काही नाही पण पहिल्या वर्षी त्या ताकानेच मला धीर दिला होता. मीटिंगा इथे लांबतात कारण सगळ्यांचं मत घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी रीत आहे, समुद्रसपाटीच्या खालची जमीन सांभाळायची तर शेजाऱ्याशी पटवून घ्यावंच लागतं म्हणून ही सवय लागली असं इथली माणसं सांगतात, पोल्डर मॉडेल. मला ही रीत मनापासून आवडते. तर त्या दिवशी संध्याकाळी मी वाक्य लिहिलं की २०३० पर्यंत आमच्या प्रत्येक वर्गात प्रत्येक संस्कृतीतल्या विद्यार्थ्याचा आवाज ऐकू येईल. सगळ्यांना आवडलं. ते तसंच्या तसं मसुद्यात गेलं, कारण पुढे इक्विसची फेरतपासणी होती. ब्रुसेल्सच्या ईएफएमडी संस्थेचं बिझनेस स्कूलसाठीचं हे मानांकन १९९८ च्या सुमारास सुरू झालं आणि त्यांची माणसं येतात तेव्हा आंतरराष्ट्रीयपणा तुम्ही नुसता मिरवता की शिकवण्यातही उतरतो, हे खोदून विचारतात. किती देशांची मुलं, किती देशांचे शिक्षक, किती करार, हे सगळं आमच्याकडे तयार होतं. माझ्याच एका बॅचमध्ये ४३ मुलं आणि १९ देश. हा तक्ता आम्ही अभिमानाने दाखवत होतो, मीसुद्धा.

आणि मी थांबत होते ०.८ सेकंद.

आता एवढी घाई माझ्यात आली कुठून, तर त्याचं उत्तर मला सांगलीतच सापडतं. आमच्या शाळेत बाईंचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत पहिलं बोट वर करायची चढाओढ असायची, बाई मी सांगू, बाई मी सांगू, अर्धवट उभं राहून, बाकाच्या कडेवर मांडी टेकवून. मी त्या पहिल्या तीन-चार जणींतली. चौथी-सातवीची स्कॉलरशिप, मग प्रश्नमंजूषा, मग एंट्रन्स, प्रत्येक ठिकाणी जो आधी तो हुशार. मला कुणी कधी सांगितलंच नाही की आधी आणि नीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला वेगाचंच बक्षीस मिळत गेल्यामुळे मी तरी कशाला विचारणार. नंतर पुण्यात एमबीएच्या मुलांना शिकवायला लागले तेव्हा मी वर्गात शिरले की साठ मुलं खुर्च्या सरकवत उभी राहायची, तो आवाज अजून कानात आहे, आणि प्रश्न विचारला की पहिल्या रांगेतले ठरलेले चार जण बोलायचे. मला वाटायचं वर्ग बोलतोय.

पण माझ्याच घरात, उन्हाळ्यात तासगावकडे गेलं की आबा असायचे. द्राक्षबागेचं काही असो, लग्नाचं असो, कुणी आबांना काही विचारलं की आबा आधी चंची सोडायचे. अडकित्त्यात सुपारी धरायची, एक बारीक काप, मग दुसरा, काप तळहातावर पडायचे, तेवढाच आवाज. मग चुना. मग कधीतरी मान वर करून बोलायचे, आणि बोलायचे ते सहसा दोन वाक्यं. त्या मधल्या वेळात ओसरीवर कुणीही बोलायचं नाही. आम्ही पोरंसुद्धा नाही. ती शांतता कुणाला रिकामी वाटायचीच नाही, सगळ्यांना माहीत असायचं की आबांचं बोलणं सुरू झालंय, फक्त अजून तोंडाबाहेर आलेलं नाही. आबा माझ्या इथल्या वर्गात बसले असते तर त्यांना मी दहापैकी चार दिले असते.

हे 'चार' मी मनाने म्हणत नाहीये. मी खरंच कुणाला तरी चार दिले होते.

परभणी जिल्ह्यातली मुलगी. वडिलांचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र, घर तारण ठेवून शिक्षणाचं कर्ज काढलेलं, आणि युरोपबाहेरच्या मुलांना इथे फी किती पट जास्त असते हे आपल्याकडच्या आईबापांना तोंडपाठ आहे. वर्गात ती तिसऱ्या रांगेत, भिंतीकडून दुसरी. सगळं लिहून घ्यायची. सात आठवड्यांत एकदाही बोलली नाही. आमच्या कोर्समध्ये ३० टक्के मार्क वर्गातल्या सहभागाला, आणि इथे दहापैकी साडेपाचला पास, दहा जवळपास कुणालाच मिळत नाहीत, त्यामुळे चार म्हणजे सरळ नापास. मार्क लागले त्या दुपारी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बाकीची मुलं मला नावाने हाक मारतात, ही एकटी मॅडम म्हणायची. बस म्हटलं तर खुर्चीच्या टोकावर बसली, बॅग मांडीवरच. आम्ही पहिल्यांदाच मराठीत बोलत होतो, सात आठवडे झाल्यावर, ही माझीच चूक, मला वाटायचं की एकीशी मराठीत बोललं तर तो पक्षपात होईल.

मी विचारलं, अगं, ती उधारीची केस होती तेव्हा तरी बोलायचंस. केस, म्हणजे वर्गात चर्चेला दिलेली धंद्यातली एक अडचण, बियाणं आणि खतं विकणाऱ्या एका वितरकाची होती, शेतकऱ्यांकडे पैसे अडकलेले, बँक मागे लागलेली, काय करावं. वर्गाने वीस मिनिटांत उत्तर काढलं होतं, उधारीची मुदत ९० दिवसांवरून ४५ वर आणायची, आणि मी फळ्यावर तसा हिशोब मांडून शाबासकी दिली होती. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, मॅडम, तसं केलं तर आधीची उधारी बुडेल. कशी काय, तर जूनमध्ये बी आणि खत नेलेला माणूस पैसे देणार कापूस-सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास, कधी त्याच्याही पुढे. तुम्ही मधेच त्याला ४५ दिवसांची मुदत लावली की तो पुढच्या हंगामाला समोरच्या दुकानात जाणार, आणि एकदा समोरच्या दुकानात गेला की तुमच्या दारावरून जायला त्याला लाज वाटते, तो रस्ताच बदलतो, मग जुने पैसे कुठून येणार. पप्पा म्हणतात, गिऱ्हाईक येत राहिलं तर वसुली येत राहते. म्हणून पप्पा नवीन माल थोडा रोखीत, थोडा खात्यावर देतात, पण माणूस तुटू देत नाहीत, आणि ज्या वर्षी पाऊस गेला त्या वर्षीची खाती वेगळ्या वहीत लिहितात. हे सगळं ती पाच-सहा मिनिटं बोलत होती, हातवारे करून, आणि मी पेन खाली ठेवलेलं होतं. वीस वर्षं मी खेळतं भांडवल शिकवतेय. येणी वसूल होणं हे गिऱ्हाईक पुन्हा दारात येण्यावर अवलंबून असतं, हे मी माझ्या फळ्यावर कधीच लिहिलं नव्हतं.

मग वर्गात का नाही बोललीस?

ती म्हणाली, तुम्ही विचारलं तेव्हा मी वाक्य जुळवत होते. जुळेपर्यंत तुम्ही पुढे गेला होता.

हे मार्क मी एकटीने बदलू शकत नव्हते, इथे एक्झामेनकमिसी म्हणजे परीक्षा समिती असते, त्यांना मी सविस्तर लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य आणि स्पष्ट होतं, निकष सगळ्यांना आधीच कळवलेला होता, सगळ्यांना सारखाच लावला होता, बदल नाही. लेखी परीक्षेत तिला चांगले मार्क होते म्हणून कोर्स सुटला. पण 'सगळ्यांना सारखाच' हे शब्द मला अजून बोचतात. कारण हा निकषच मुळात एका गावचा आहे. हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ चं, केस घेऊन वर्गात चर्चा करायची पद्धत तिथे १९२० च्या दशकात रुजली, १९२१ ची एका बूट कंपनीवरची केस ही पहिली मानतात, आणि तिथून ती जगभर गेली, १९६१ मध्ये अहमदाबादचं आयआयएम उभं राहिलं तेव्हा हार्वर्डच्याच मदतीने. पद्धत फार चांगली आहे, मी तिच्यावरच वाढले. पण हात वर करून, भर चर्चेत घुसून, पहिल्या झटक्यात आपलं मत फेकणं हा तिथल्या मुलांचा बोलण्याचा ढंग त्या पद्धतीच्या पोटातून आला आणि आम्ही त्याला 'सहभाग' असं नाव देऊन मार्क लावले.

तो आकड्यांचा कागद हातात पडला तो या सगळ्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे ती मुलगी येऊन, बोलून, डिग्री घेऊन गेली, मला वाईट वाटून झालं, मी समितीत गेले, सुंदर वाक्य लिहिलं, आणि माझे सेकंद होते तेवढेच राहिले. म्हणून तो कागद इतका लागला.

मग मी वाचायला बसले. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या आसपास विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकून ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबायला लावलं तर उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागतात, मुलं एकमेकांच्या बोलण्याला जोडून बोलतात. तीन सेकंद फक्त. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती वाचून मी लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. शिक्षक ज्या मुलांना कच्ची समजतात, त्यांच्यासाठी आणखी कमी थांबतात. मी तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीकडे बघून प्रश्न विचारला असेन तेव्हा किती थांबले असेन?

आमच्या समितीत अशा वेळी लगेच होफस्टेड निघतो. इथलेच ते, हार्लेमचे, देशोदेशींच्या संस्कृतींचे अभ्यासक. आयबीएमच्या माणसांचे देशोदेशी भरून घेतलेले लाखावर फॉर्म, १९६७ ते १९७३ चे, त्यातून १९८० मध्ये त्यांनी देशांच्या संस्कृतीचे आकडे काढले. वरच्या माणसाचा अधिकार मुकाट मान्य करण्याच्या मापावर भारत ७७, नेदरलँड्स ३८. एक जण स्लाइड दाखवून म्हणाला, बघा, म्हणून आशियाई मुलं शिक्षकापुढे बोलत नाहीत. स्वतः होफस्टेड बजावून सांगायचे की हे आकडे देशांचे आहेत, एका माणसाला लावू नका, पण स्लाइडवर ती सूचना मावत नाही. आणि माझ्याच वर्गात दिल्लीचे दोघं असे आहेत की त्यांना थांबवावं लागतं, तेही त्याच ७७ मधले. शिवाय इथून तासा-दीड तासावर नाइमेखनला माक्स प्लांक संस्थेत भाषेचा अभ्यास चालतो, तिथल्या लोकांनी २००९ मध्ये दहा भाषांत मोजलं होतं की हो-नाहीच्या प्रश्नानंतर उत्तर यायला किती वेळ लागतो. सगळीकडे सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आगेमागे. सगळ्यात झटपट उत्तर देणारे निघाले जपानी, सगळ्यात सावकाश डेन्मार्कचे. जपानी मुलं गप्प असतात असं आम्ही सगळे म्हणतो ना. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत ती सगळ्यांत आधी उत्तर देतात. मग माझ्या वर्गात जी गप्प बसते ती जपानची संस्कृती आहे, की परक्या भाषेत, परक्यांसमोर, मार्क लावलेल्या जागी बसलेली एक मुलगी आहे?

पुढच्या बैठकीत मी माझंच वाक्य खोडायला सांगितलं. त्याऐवजी तीन गोष्टी मागितल्या, सहभागाचे मार्क ३० वरून १५ वर आणा, चर्चेआधी सगळ्यांना दोन मिनिटं कागदावर लिहू द्या, हव्या त्या भाषेत, आणि वर्षातून एकदा प्रत्येकाच्या तासाला कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन बसा, माझ्यासकट. वाक्य राहिलं, कारण ते अहवालात पुढे गेलेलं होतं. मार्कांचं प्रकरण दुसऱ्या समितीकडे गेलं आणि अजून तिथेच आहे. स्टॉपवॉचला लोक नाराज होते, आणि मी समजू शकते, मला स्वतःला तो कागद पचायला किती दिवस लागले. दोन मिनिटं लिहिणं मात्र चार कोर्समध्ये सुरू झालं. पाच वर्षांच्या आराखड्यातून दोन मिनिटं मिळाली. मला ती थोडी वाटत नाहीत.

सगळ्यांना ती आवडली असंही नाही. एक डच मुलगा म्हणाला, मला विचार बोलता बोलता सुचतो, लिहायला लावलं की मी अडकतो. आणि लागोसच्या एका मुलीने सांगितलं की आधी वर्गात धग असायची ती गेली, आमच्याकडे एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं म्हणजे लक्ष आहे, आपुलकी आहे, आता सगळे आपापल्या पाळीची वाट बघत बसतात. तिचं मला पटलं. सांगलीच्या आमच्या घरात दिवाळीला सगळी भावंडं जमतात तेव्हा कुणीच कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा आवाज आहे. ओसरीवरचे आबा आणि दिवाळीचा फराळ, दोन्ही एकाच घरातले, दोन्ही माझेच. एका वर्गात दोन्हीला जागा कशी करायची हे मला पूर्ण सापडलेलं नाही, एकेका तासाला वेगवेगळं करून बघते, कधी जमतं, कधी तास हातातून निसटतो आणि संध्याकाळ वाईट जाते.

मधे एकदा मी मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात जाऊन तिथले वर्ग बघितले. तिथे सुरुवातीपासून, म्हणजे १९७० च्या दशकापासून, दहा-पंधरा मुलांचे गट, टेबलाभोवती बसायचं, मुलांतलाच एक जण चर्चा चालवतो, शिक्षक बाजूला. बाजूला म्हणजे खरंच बाजूला. त्या बाई पाऊण तासात दोनदा बोलल्या असतील. मी त्यांचे हात बघत होते, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं होतं. त्यांनाही गप्प बसणं सोपं जात नव्हतं हे बघून मला फार बरं वाटलं.

या ऑक्टोबरमध्ये पुन्हा तीच उधारीची केस होती. आता त्या केसच्या शेवटी मी एक पान जोडलंय, परभणीकडच्या दुकानाचं, तिला फोन करून विचारून, वेगळ्या वहीसकट. तिने फोनवर दोनदा विचारलं, मॅडम, खरंच चालेल का हे तिथे, आणि मग रात्री बाराला वहीच्या पानांचे फोटो पाठवले, नावं झाकून. तर तास सुरू झाला, दोन मिनिटं लिहून झालं, आणि मी प्रश्न विचारला की उधारीची मुदत कमी करावी का. हात पाठीमागे घेतले आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागले, आई जप करताना मोजते तशी, एक पेर एक सेकंद. दुसऱ्या पेरावर नेहमीचे दोन हात वर झाले, मी मानेने थांबा म्हटलं. तिसरं, चौथं. रेडिएटरचा आवाज ऐकू यायला लागला. पाचव्या पेरावर माझ्या जिभेवर उत्तर येऊन बसलं होतं आणि मी दात आवळले. सहावं. कुणीतरी खुर्ची सरकवली. अंगठा सातव्या पेरावर होता तेव्हा खिडकीजवळच्या व्हिएतनामी मुलाने पेनाला टोपण लावलं, वहीत लिहिलेलं एकदा वाचलं, आणि एक बोट वर केलं.

बोल, म्हटलं.

तो म्हणाला, माझ्या आजीचं कॉफीचं दुकान होतं.